सात मीटर तार आणि उरलेली गुणगुण: घरी बांधलेल्या संतुलित प्रीअँप्लिफायरचा प्रकरण अभ्यास

पुण्यातील आमच्या घराच्या दिवाणखान्यात एका भिंतीलगत संगणक, त्याला जोडलेला डॅक (डिजिटल संगीताचा ध्वनिसिग्नल करणारी पेटी) आणि रेकॉर्ड प्लेअर आहे, तर समोरच्या भिंतीशी दोन सक्रिय स्पीकर आहेत. या स्पीकरच्या पोटातच पॉवर अँप्लिफायर आणि पाठीवर तीन पिनांचे एक्सएलआर सॉकेट असते. दाराची चौकट टाळून भिंतीच्या कडेने नेलेली ध्वनितार प्रत्येक स्पीकरपर्यंत सात मीटर भरते. जुना प्रीअँप, म्हणजे स्रोत आणि स्पीकर यांच्यामध्ये आवाजाची पातळी ठरवणारी पेटी, साधा, दोन संपर्कांच्या आरसीए सॉकेटांचा, म्हणजे असंतुलित जोडणीचा होता. रात्री घर शांत झाले की स्पीकरमधून एक मंद गुणगुण ऐकू येई, आणि संगणक सुरू असेल तर तिच्यात बारीक चरचर मिसळे. पडद्यावरचे पान वरखाली सरकवले की ती चरचरही बदलत असे. संतुलित प्रीअँप बांधला की हे सारे संपेल, अशी माझी समजूत होती. ती शेवटी बरोबर ठरली, पण मी धरलेल्या कारणांमुळे नव्हे. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

असंतुलित जोडणीत तारेवरच्या जाळीला (शील्डला) दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: सिग्नलचा परतीचा मार्ग होणे आणि दोन उपकरणांच्या पेट्या एकमेकींना जोडणे. दोन पेट्यांच्या विद्युतदाबात थोडा जरी फरक असला तरी जाळीतून प्रवाह वाहतो, आणि जाळीच्या रोधावर पडणारा दाब सरळ सिग्नलमध्ये मिळतो. समजा जाळी आणि प्लग यांचा एकूण रोध ०.२ ओहम आहे आणि त्यातून २ मिलिअँपिअर वाहत आहेत, तर ०.४ मिलिव्होल्टचा उपद्रव तयार होतो. ३०० मिलिव्होल्टच्या सिग्नलपुढे तो जेमतेम ५७ डेसिबल खाली राहतो. शांत खोलीत एवढा आवाज कानाला सहज लागतो.

बांधणीला हात घालण्यापूर्वी मल्टिमीटरने घरातील अर्थिंग तपासले, आणि तेथेच पहिला दोष सापडला. संगणक ज्या एक्स्टेंशन बोर्डावर होता त्याची अर्थची तार आतून सुटलेली होती. संगणकाच्या वीजपुरवठ्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पेटीकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की ते २३० व्होल्टची वाटणी करतात आणि पेटी साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहते. कॅबिनेटला हात लागला की येणारी झिणझिण अनेकांच्या परिचयाची असते, तिचे कारण हेच. हा गळतीचा प्रवाह फार थोडा असला तरी त्याला जमिनीकडे जायला माझ्या घरात एकच वाट उरली होती: डॅक, प्रीअँप, सात मीटर जाळी आणि स्पीकरची अर्थ. बोर्ड दुरुस्त करताच चरचर निम्म्याहून कमी झाली. गुणगुण मात्र राहिली, कारण आता दोन्ही टोकांना खरी अर्थ मिळून पूर्ण वेटोळे (ग्राउंड लूप) तयार झाले होते. या टप्प्यावर "स्पीकरच्या थ्री-पिन प्लगचा वरचा जाड पिन काढून टाका" असा सल्ला मला दोघांनी दिला. त्याने आवाज जातोही. पण आतील फेजची तार पेटीला टेकण्याच्या दिवशी पेटीच जिवंत होते. तो उपाय मी विचारातही घेतला नाही.

पहिली बांधणी

संतुलित म्हणजे दोन तारांवर एकमेकींच्या उलट सिग्नल, अशी व्याख्या बहुतेकांच्या मनात असते, तशीच माझ्याही मनात होती. त्यामुळे पहिला आराखडा "पूर्ण संतुलित" होता: आत येणाऱ्या दोन्ही तारा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र ऑप-अँप (सिग्नल हाताळणारी वर्धक चिप) द्यायचा आणि आवाज कमीजास्त करायला चार पदरी व्हॉल्यूम कंट्रोल वापरायचा, म्हणजे डाव्या वाहिनीला दोन पदर आणि उजवीला दोन. कागदावर हे फार सुंदर दिसते.

वीजपुरवठा सरळ होता: १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा ब्रिज, प्रत्येक बाजूस २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे अधिक आणि उणे १५ व्होल्ट देणारे रेग्युलेटर, ७८१५ आणि ७९१५. १०० मिलिअँपिअर घेतल्यास या कपॅसिटरवर साधारण ०.४५ व्होल्ट लहर उरते, जी रेग्युलेटर सहज गिळतो. १५ व्होल्ट एसीचे शिखर २१ व्होल्टच्या वर जाते आणि हलक्या भाराला व वाढलेल्या वीजदाबाला ते पंचविशीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून कपॅसिटर २५ व्होल्टचे न घेता ३५ चे घ्यावेत. एवढी काळजी घेऊनही पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला. ७८१५ ची धातूची पट्टी ग्राउंडला जोडलेली असते, ७९१५ ची मात्र त्याच्या इनपुटला, म्हणजे उणे वीस व्होल्टला. मी दोन्ही वीजरोधक अभ्रकाची चकती न घालता एकाच पत्र्यावर आवळले होते.

खरी निराशा पुढे होती. पेटी चालू झाली, आवाज स्वच्छ आला, पण गुणगुण जुन्या प्रीअँपपेक्षा फारशी कमी नव्हती. आणि नॉब फिरवला की ती कमीजास्त होताना काही ठिकाणी विचित्रपणे उसळत असे. दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पदरांत होता. बाजारात मिळणाऱ्या पॉटचे (नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरचे) दोन पदर कधीच तंतोतंत सारखे चालत नाहीत. अर्ध्या डेसिबलचा फरक चांगल्या पॉटमध्येही आढळतो आणि नॉब खालच्या बाजूला असताना तो वाढतो. अर्धा डेसिबल म्हणजे जवळजवळ ६ टक्के. दोन्ही तारांवर सारख्या आलेल्या उपद्रवाचा ६ टक्के भाग अशा पॉटमधून बाहेर पडताना दोन तारांमधील फरक होऊन बसतो, म्हणजे सामाईक उपद्रवाचा निरास फक्त २५ डेसिबलच्या आसपास राहतो. एकदा उपद्रव असा फरकात उतरला की तो आणि संगीत यांत पुढच्या कोणत्याही मंडलाला भेद करता येत नाही. स्पीकरच्या आतील उत्तम ग्राहक मंडलही मग निरुपयोगी ठरते. स्वच्छ आराखड्याचा सौंदर्यदृष्ट्या सर्वांत देखणा भागच सर्वांत घातक निघाला.

समतोल नेमका कशाचा

आमच्या इमारतीत आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक अभियंता काका राहतात. मंडल पाहून ते म्हणाले, "अरे, तू सिग्नलचा तोल सांभाळतोयस. तोल तारांचा सांभाळायचा असतो." त्यांचा उपाय ट्रान्सफॉर्मर हा होता, आणि तांत्रिकदृष्ट्या तो आजही बिनतोड आहे, पण चांगल्या ध्वनि-ट्रान्सफॉर्मरची किंमत माझ्या संपूर्ण पेटीपेक्षा जास्त होती.

त्यांच्या वाक्याचा अर्थ नीट समजायला मला आठवडा लागला. संतुलित जोडणीची अट एवढीच आहे की दोन्ही तारांना ग्राउंडच्या सापेक्ष दिसणारा अवरोध (इंपिडन्स) सारखा असावा: पाठवणाऱ्या बाजूचा, तारेचा आणि घेणाऱ्या बाजूचाही. तो सारखा असेल तर बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच उमटतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. तारांवर सिग्नल उलटसुलट आहे की एकाच तारेवर आहे, याचा त्या वजाबाकीशी संबंध नाही. अमेरिकेतील ध्वनि-अभियंते बिल व्हिटलॉक यांनी १९९० च्या दशकात हा मुद्दा ठामपणे मांडला. संतुलित इनपुटची प्रमाणित चाचणी पूर्वी अगदी सारख्या अवरोधाच्या स्रोताने करीत, त्यामुळे कागदावरचे आकडे भव्य दिसत आणि प्रत्यक्षात कोसळत; २००० साली आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या) मानकात १० ओहमचा मुद्दाम फरक ठेवून चाचणी घेण्याची पद्धत आली, तीही त्यांच्याच पाठपुराव्यामुळे.

एक ऑप-अँप आणि १० किलोओहमचे चार रेझिस्टर घेऊन केलेले नेहमीचे वजाबाकी मंडल या दृष्टीने तपासले. रेझिस्टर १ टक्क्याचे असतील तर वाईटात वाईट स्थितीत निरास ३४ डेसिबल, ०.१ टक्क्याचे असतील तर ५४. रेझिस्टर अगदी परिपूर्ण मानले तरी स्रोताच्या दोन तारांत १० ओहमचा फरक पडताच तो ६६ वर येतो. प्लगमधील एक काळवंडलेला संपर्क यासाठी पुरेसा असतो.

म्हणून दुसऱ्या बांधणीत प्रत्येक तारेपुढे एक बफर, म्हणजे पुढच्या मंडलाचा भार तारेवर येऊ न देणारा ऑप-अँप, ठेवला. त्यासाठी ओपीए २१३४ निवडला, कारण त्याचे इनपुट फेट या प्रकारच्या, जवळजवळ प्रवाह न घेणाऱ्या ट्रान्झिस्टरचे असल्याने ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर १ मेगओहमचा ठेवता येतो. ५५३२ हा नेहमीचा ऑप-अँप येथे लावला असता तर त्याच्या इनपुट प्रवाहाने त्या रेझिस्टरवर डीसी दाब साचवला असता. आता स्रोतातील १० ओहमचा फरक १ मेगओहमपुढे नगण्य ठरतो. दुसरा लाभ मला आधी सुचला नव्हता. बफर पुढे असल्याने वजाबाकीचे रेझिस्टर १० किलोओहमऐवजी १ किलोओहमचे घेता आले आणि रेझिस्टरांचा स्वतःचा उष्णताजन्य खरखराट घटला. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हिशेब केल्यास १० किलोओहम आणि ५५३२ यांच्या साध्या मंडलाची खरखर उणे १०५ डीबीयूच्या (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेल्या डेसिबलच्या) आसपास येते; दोन बफर वाढवूनही नव्या मंडलाची उणे ११० येते. भाग वाढवून खरखर कमी होते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

०.१ टक्क्याचे रेझिस्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास मिळाले नाहीत. मग १ टक्क्याच्या मेटल फिल्म रेझिस्टरांचे शंभराचे पाकीट आणून साध्या मीटरवर एकेक मोजले आणि सारखे वाचन देणाऱ्यांच्या जोड्या लावल्या. मीटर स्वतः चुकीचा असला तरी बिघडत नाही, कारण आपल्याला खरे मूल्य नको असून फक्त सारखेपणा हवा असतो. उरलेला फरक एका शाखेत २० ओहमचा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) घालून काढला: दोन्ही इनपुट एकत्र जोडायचे, छोट्या ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवून त्यांना द्यायचा आणि आउटपुट कमीतकमी होईपर्यंत ट्रिमर फिरवायचा. त्यानंतर एका तारेत १० ओहम घालून पाहिले. मीटरचे वाचन हलले नाही.

इनपुटलाच वजाबाकी झाल्यामुळे पुढचे सारे मंडल एकतारी झाले आणि चार पदरी पॉटची गरज संपली. आवाजासाठी इंग्लिश अभियंते पीटर बॅक्संडॉल यांचे सक्रिय मंडल घेतले. त्यांचे नाव १९५२ च्या टोन कंट्रोलमुळे प्रसिद्ध असले तरी मला त्यांची ही रचना अधिक हुशारीची वाटते. यात लाभ (गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो ते) पॉटच्या एकूण रोधावर अवलंबून नसतो, तो केवळ सरकत्या टोकाच्या स्थानावर ठरतो. त्यामुळे साध्या रेषीय पॉटवर डावी-उजवी वाहिनी जवळजवळ एकसारखी चालते. हे मंडल सिग्नल उलटा करते. मी इनपुटला गरम (सुलट सिग्नलच्या) आणि थंड (तिच्या जोडीच्या) तारांची अदलाबदल करून तो पुन्हा सुलटा केला.

पिन क्रमांक १

एवढे होऊनही गुणगुण पूर्ण गेली नाही. इनपुटवर काहीही न जोडता, फक्त स्पीकरच्या तारा लावल्या की ती येई. म्हणजे इनपुट मंडलाचा दोष नव्हता, व्हॉल्यूमचाही नव्हता. येथे माझे तीन रविवार गेले.

एक्सएलआर सॉकेटमध्ये पिन १ जाळीचा, २ गरम तारेचा आणि ३ थंड तारेचा असतो. मी पिन १ ची तार सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला आणून जोडली होती, जशी बहुतेक जण जोडतात. आणि बोर्डाचे ग्राउंड पुढे एका ठिकाणी पेटीला. याचा परिणाम असा की सात मीटर जाळीतून येणारा सारा उपद्रवी प्रवाह बोर्डावरील त्याच तांब्याच्या पट्टीवरून पेटीकडे जाई, जिच्या सापेक्ष ऑप-अँप सिग्नल मोजत होते. हा दोष ध्वनि-अभियंते नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात इतक्या स्पष्टपणे मांडला की त्याला "पिन १ चा दोष" हेच नाव पडले; पुढे २००५ मध्ये त्याच संस्थेने जाळी पेटीला जोडण्याविषयी एईएस४८ हे मानक काढले.

दोष सिद्ध करण्याची जॉन विंट यांची चाचणी तर स्वयंपाकघरातील टेबलावरही होते. १२ व्होल्टचा साधा, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि त्याच्याशी मालिकेत २ वॅटचा २२० ओहमचा रेझिस्टर जोडायचा, म्हणजे साधारण ५५ मिलिअँपिअर मिळतात. हा प्रवाह एका सॉकेटच्या पिन १ मधून आत सोडून पेटीच्या पत्र्यातून बाहेर काढायचा आणि स्पीकर ऐकायचा. निर्दोष उपकरणात काहीही ऐकू येत नाही. माझ्या पेटीने भोंग्यासारखा आवाज काढला. हिशेबही तेच सांगतो: बोर्डावरील पट्टीचा रोध १० मिलिओहम धरला तरी त्यावर अर्ध्या मिलिव्होल्टहून अधिक दाब पडतो, आणि १.२३ व्होल्टच्या प्रमाण पातळीपुढे तो केवळ ६७ डेसिबल खाली असतो.

उपाय पाच मिनिटांचा, पण तयारी दिवसभराची होती. प्रत्येक सॉकेटचा पिन १ दोन सेंटिमीटरच्या जाड तारेने तेथल्या तेथे पेटीच्या पत्र्याला जोडला. बोर्डाकडे जाणारी तार कापून टाकली. आणि बोर्डाचे ग्राउंड पेटीला एकाच बिंदूवर ठेवले. दिवस गेला तो पत्र्यात. अॅनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचा वरचा थर वीजरोधक असतो, हे ठाऊक असूनही मी विसरलो होतो. मागचे पान, तळ आणि झाकण हे स्क्रूने घट्ट बसलेले, पण विजेच्या दृष्टीने सुटे तुकडे होते. प्रत्येक सांध्यावर थर घासून दातेरी चकत्या घातल्या आणि मीटरवर शून्य ओहम दिसल्यावरच पुढे गेलो. चाचणी पुन्हा घेतली तेव्हा स्पीकर गप्प होता.

आउटपुट आणि काकांचा आक्षेप

आउटपुटला मी मुद्दाम कंजूषपणा केला. ५५३२ चे आउटपुट ६८ ओहममधून पिन २ ला दिले, आणि पिन ३ ला कोणताही सिग्नल न देता तसाच ६८ ओहम बोर्डाच्या ग्राउंडकडून जोडला. दोन्ही तारांचा अवरोध सारखा, म्हणजे जोडणी संतुलित. काकांनी ते पाहताच विचारले, "तिसऱ्या पिनवर काहीच नाही, मग याला बॅलन्स्ड म्हणायचं कसं?" त्यांचेच वाक्य त्यांना ऐकवायचा मोह आवरून मी एक उलट करणारा ऑप-अँप आणि एक स्विच लावला, ज्याने पिन ३ वर उलटा सिग्नल चालू-बंद करता येई. संगीत बंद ठेवून त्यांनी स्पीकरला कान लावला आणि मी स्विच फिरवत राहिलो. फरक ऐकू आला नाही. उलटा सिग्नल दिल्याने पातळी ६ डेसिबल वाढते आणि तेवढ्यापुरते सिग्नल व उपद्रव यांचे प्रमाण सुधारते, हे खरे आहे; मोठ्या सभागृहात किंवा स्टुडिओत ते मोलाचे ठरेल. आमच्या दिवाणखान्यात नॉब अर्ध्यावरही जात नाही.

या भागात मी एक सूक्ष्म चूक केली होती, ती नोंदवतो. डीसी अडवण्यासाठी दोन्ही तारांत ४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घातले होते. ५० हर्ट्झला त्यांचा अवरोध ६८ ओहम, म्हणजे रेझिस्टरएवढाच होतो, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये २० टक्क्यांचा फरक नित्याचा असतो. ज्या वारंवारितेचा त्रास होता तिथेच मी १३ ओहमचा असमतोल स्वतःच्या हाताने लावला होता. ४७० मायक्रोफॅरडने तो दीड ओहमच्या खाली आला.

डॅकचे आउटपुट आरसीए आहे, त्याचे काय, हा प्रश्न उरतो. तेथे दोन तारा आणि जाळी अशी तीनपदरी केबल घेतली: गरम तार आरसीएच्या मधल्या पिनला, थंड तार आणि जाळी दोन्ही बाहेरच्या कड्याला. डॅकचा आउटपुट अवरोध भार देऊन मोजला, तो २२० ओहम निघाला. थंड तारेत तेवढ्याचा रेझिस्टर प्लगच्या आत बसवला की असंतुलित स्रोतही अवरोधाने संतुलित होतो. तो रेझिस्टर विसरलात तर १० किलोओहमचे जुने मंडल ३९ डेसिबलवर येते, मेगओहमचे नवे मात्र ७३ वर टिकते. प्रत्येक इनपुट तारेपासून पेटीकडे, सॉकेटच्या तोंडाशी, १०० पिकोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर आहेत, मोबाइलची टुरटुर आत येऊ नये म्हणून. तेही मोजून जोडीने निवडले, नाहीतर वरच्या वारंवारितांना समतोल पुन्हा बिघडतो.

गेले काही महिने पेटी रोज वापरात आहे. डॅकवरून ऐकताना, नॉब पूर्ण वर नेऊन, कान स्पीकरला टेकवला तरच पाण्याच्या दूरच्या खळखळीसारखी खरखर येते. गुणगुण येत नाही. रेकॉर्ड प्लेअर लावला की मात्र पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची बारीक चर्र अजून ऐकू येते, कारण सुईपासून फोनो मंडलापर्यंतची तार जुनीच, असंतुलित आहे. गंमत अशी की कार्ट्रिजमधील (सुई बसवलेल्या भागातील) वेटोळ्याची दोन्ही टोके मुळात ग्राउंडपासून मोकळी असतात, म्हणजे साऱ्या घरातील सर्वांत नैसर्गिक संतुलित स्रोत तोच आहे. माझ्या कार्ट्रिजमध्ये मात्र एका पिनला धातूच्या कवचाची छोटीशी पट्टी जोडलेली आहे. ती भिंगाखाली धरून काढावी लागेल, आणि हात स्थिर असलेला एक रविवार मी अजून शोधतो आहे.